मॅरियनची घरं, आपला शेजार

डेव्हन अव्हेन्यूला आपण शिकागोकर महिन्यातून एकदा तरी जातोच. कोथिंबिरीच्या जुड्या, कढीपत्ता, मे-जूनमध्ये आंब्याच्या पेट्या, भाद्रपदाआधी मोदकाचे साचे. पिशव्या भरल्या की गाडी थेट हायवेला लागते. त्याच डेव्हनपासून जेमतेम मैलभर उत्तरेला, ग्रीनलीफ अव्हेन्यूवर, जॉर्ज आर्मस्ट्राँग यांच्या नावाची सरकारी प्राथमिक शाळा आहे. तिथे भिंतीवर एक मोठं चित्र आहे. पऱ्या बगळ्यांना भरवताहेत. १९३१-३२ च्या सुमारास ते काढलं मॅरियन महोनी ग्रिफिन हिने. ती शिकागोची लेक, पेशाने आर्किटेक्ट, आणि तिच्या आयुष्याचं एक महत्त्वाचं पान आपल्या लखनौमध्ये लिहिलं गेलंय.

आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? विचारून पाहा. ओक पार्कला पाहुण्यांना घेऊन जाणारे आपण, आर्किटेक्ट फ्रँक लॉईड राइटचं नाव पोराटोरांनाही पाठ असणारे आपण. पण मॅरियन म्हटलं की समोरचा मान हलवतो.

आर्मस्ट्राँग शाळा चालू आहे, चित्रही आहे. पण २०१३ साली याच शहराने एका फटक्यात जवळजवळ ५० सरकारी शाळा बंद केल्या, हे आपल्याला आठवत असेल. शाळेची इमारत विकायला निघते तेव्हा भिंतीवरच्या चित्राचं काय, हा प्रश्न विचारायला कुणीतरी लागतं. चित्र कुणाचं हे माहीत असलेली चार माणसं आसपास असली, तर त्यातलं एक तरी उभं राहतं. कुणालाच माहीत नसलं तर रंगाऱ्याचा ब्रश फिरतो आणि काम संपतं.

ती चार माणसं आपण व्हायचं आहे. त्यासाठी आधी तिची ओळख करून घेऊ.

मॅरियनचा जन्म १४ फेब्रुवारी १८७१ चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिकागो जळालं. तान्ह्या मॅरियनला कपड्यांच्या टोपलीत घालून आईने आगीपासून दूर नेलं, असं तिनेच पुढे लिहून ठेवलंय. वडील शाळेत मुख्याध्यापक होते. मॅरियन लहान असतानाच गेले. मग आईने नोकरी धरली, तीही पुढे मुख्याध्यापिका झाली आणि पोरांना वाढवलं. अशा घरातली मुलगी बॉस्टनला गेली आणि १८९४ मध्ये एमआयटीतून वास्तुकलेची पदवी घेऊन आली. तिच्याआधी तिथे ही पदवी फक्त एका स्त्रीने घेतली होती. आर्किटेक्टला परवाना हवा असा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी इलिनॉय राज्याने केला, १८९७ साली; आणि लगेच पुढच्या वर्षी मॅरियनच्या हातात परवाना होता. जगात परवानाधारक स्त्री आर्किटेक्ट त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या.

आधी नात्यातला भाऊ ड्वाइट पर्किन्स याच्या कचेरीत वर्षभर काम केलं. १८९५ पासून ती फ्रँक लॉईड राइटकडे लागली. त्याने नोकरीवर ठेवलेली ही पहिलीच व्यक्ती. मधूनमधून बाहेरची कामं करत तिने तिथे चौदा-एक वर्षं काढली.

तिथे तिने केलं काय? इमारती आखल्या, फर्निचर आखलं, रंगीत काचेच्या खिडक्या आखल्या. पण तिचं खरं राज्य होतं रेखाटनांवर. घर बांधायच्या आधी ते बांधल्यावर कसं दिसेल हे ग्राहकाला दाखवायचं असतं. हे काम मॅरियनइतक्या ताकदीने त्या काळच्या अमेरिकेत फार थोडे करत. जपानी छापचित्रांचा अभ्यास तिने कसून केला होता. तिच्या कागदावर घर एकटं कधी उभं नसतं. कडेने झाडाची फांदी उतरते, पानं चौकटीबाहेर सांडतात, जमीन आडवी पसरते आणि त्यातून छपराची लांब रेघ वर येते. तिची झाडं कळली की तिचं चित्र सहीशिवाय ओळखता येतं. काही ठिकाणी तर पानांच्या जाळीत तिने आपली आद्याक्षरं लपवून ठेवली आहेत. शोधायला मुलांना मजा येते.

१९१० साली बर्लिनला राइटच्या कामाचा १०० चित्रपत्रांचा मोठा संग्रह निघाला. युरोपातल्या तरुण आर्किटेक्टांनी तो अक्षरशः चाळून चाळून झिजवला. त्यातली निम्म्याच्या आसपास चित्रं मॅरियनच्या रेखाटनांवरून केलेली होती. मुखपृष्ठावर नाव अर्थात राइटचं.

त्याच कचेरीत उमेदवारी केलेले बॅरी बर्न यांनी नंतर एक आठवण सांगितली आहे. राइट आपल्या माणसांमध्ये छोट्या छोट्या स्पर्धा लावी: या घराची खिडकी आखा, त्या घराची भिंत आखा. बहुतेक वेळा मॅरियन जिंके. राइट ती रेखाटनं पुढे वापरायला जपून ठेवी; मात्र ती मिस महोनीची म्हणून कुणी उल्लेख केला तर रागावे. राइटचं मोठेपण कमी करायचा इथे हेतू नाही. पण हिशेब पुरा मांडायला हवा, एवढं खरं.

१९०९ मध्ये राइट हातातली कामं टाकून युरोपला निघून गेला. ती कामं आर्किटेक्ट हर्मन फॉन होल्स्ट यांच्याकडे आली आणि त्यांनी मॅरियनला बोलावलं. तिने अट घातली: डिझाइनवर शब्द माझा चालेल. ती मान्य झाली. डिकेटरमधली म्युलर बंधूंची घरं आणि मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्समधलं अँबर्ग कुटुंबाचं घर या काळातली. आपल्यापैकी बरीच आयटीतली मंडळी ब्लूमिंग्टनला असतात. डिकेटर तिथून तासाभराच्या रस्त्यावर आहे. मिलिकिन प्लेस या गल्लीत जाऊन रस्त्यावरूनच ती घरं बघून या. लोक राहतात तिथे, म्हणून घंटी मात्र वाजवू नका.

१९११ साली मॅरियनने वॉल्टर बर्ली ग्रिफिनशी लग्न केलं. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान, मेवूडमध्ये जन्मलेला, राइटच्या कचेरीतलाच जुना सहकारी. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियाने नव्या राजधानीच्या नगररचनेसाठी जागतिक स्पर्धा जाहीर केली. मॅरियननेच नवऱ्याच्या मागे लागून आराखडा पुरा करवला. कापडावर काढलेली तिची ती भव्य चित्रं, माउंट एन्स्ली टेकडीच्या माथ्यावरून दिसणारं न बांधलेलं शहर, आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १३७ प्रवेशिकांमधून ग्रिफिनचा आराखडा पहिला आला. कॅनबेरा हे नाव आपण वर्ल्ड कपच्या सामन्यांमुळे ऐकलेलं असतं. त्या शहराची पहिली चित्रं शिकागोत काढली गेली आहेत.

पुढची वीसेक वर्षं, मध्ये शिकागोला केलेली वारी सोडली तर, ऑस्ट्रेलियात गेली. कॅनबेराचं काम सरकारी खेचाखेचीत अडकलं आणि १९२० च्या अखेरीस ग्रिफिन त्यातून बाहेर पडला. पण मेलबर्नमध्ये दोघांनी मिळून १९२४ साली कॅपिटॉल थिएटर उभं केलं. त्याचं छत स्फटिकांच्या गुहेसारखं आहे, प्लास्टरच्या शेकडो कडांमागे रंगीत दिवे लपवलेले. त्या छतात मॅरियनचा मोठा हात आहे. सिडनीत कॅसलक्रॅग नावाची वसाहत त्यांनी वसवली. खडक फोडायचे नाहीत, झाडं तोडायची नाहीत, रस्ता टेकडीच्या वळणाने जाईल, घरं बुटकी राहतील, किनारा सगळ्यांचा राहील. हे १९२० च्या दशकात! आज आपल्या पुण्यात टेकड्या वाचवायला लोक सह्या गोळा करत फिरतात तेव्हा हे वाचून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

आणि मग लखनौ.

१९३५ च्या ऑक्टोबरात ग्रिफिन लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करायला भारतात आला आणि तिथेच रमला. कामांचा ओघ लागला: महमूदाबादच्या राजांसाठी ग्रंथालय आणि संग्रहालय, जहांगीराबादच्या राजांसाठी जनाना, पायोनियर या इंग्रजी वृत्तपत्राची इमारत, आणि १९३६-३७ च्या उद्योग व शेती प्रदर्शनाची सबंध १६० एकरांची आखणी. १९३६ च्या एप्रिलमध्ये मॅरियन येऊन पोचली आणि कामाला बसली. वय पासष्ट.

त्या महिन्यातलं लखनौ डोळ्यांसमोर आणा. नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलेलं. कैसरबागेत विष्णु नारायण भातखंडे यांनी उभं केलेलं मॅरिस संगीत महाविद्यालय जोमात, आणि प्राचार्यपदावर आपले श्रीकृष्ण रातंजनकर. त्याच गावात, त्याच उन्हाळ्यात, शिकागोची ही बाई अवधच्या कमानी आणि जाळ्या बघत ड्रॉइंगबोर्डावर वाकलेली होती. त्यांच्या वाटा एकमेकींना छेदून गेल्या असतील की नाही, त्याचा पुरावा समोर नाही; पण भातखंड्यांच्या लखनौत मॅरियनचं लखनौही होतं, एवढं आपण लक्षात ठेवू.

हा अध्याय वर्षभरातच संपला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ११ फेब्रुवारी १९३७ रोजी वॉल्टर लखनौच्या किंग जॉर्ज रुग्णालयात वारला. निशातगंजच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं. त्या जागेवर नावाचा दगड बसायला १९८८ साल उजाडलं. मॅरियनने कचेरी आवरली, ऑस्ट्रेलियात काही काळ काढला आणि शेवटी शिकागोला परतली.

परतल्यावर तिने एक प्रचंड गोष्ट केली. आपल्या दोघांच्या आयुष्याचं आणि कामाचं बाड टाइप करून काढलं, चौदाशेहून अधिक पानांचं. पत्रं, आराखडे, फोटो, भांडणं, तत्त्वज्ञान, सगळं त्यात आहे. नाव ठेवलं ‘द मॅजिक ऑफ अमेरिका’. तिच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. त्याची एक प्रत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात आहे. विवेकानंद १८९३ मध्ये जिथे बोलले ती हीच इमारत. आपण प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो, जिन्यापाशी फोटो काढतो. त्याच छपराखाली लखनौच्या आठवणींनी भरलेली ही पानं आहेत, आणि २००७ पासून संस्थेने ती इंटरनेटवर सर्वांना मोफत वाचायला ठेवली आहेत.

१० ऑगस्ट १९६१ रोजी मॅरियन कुक काउंटीच्या सरकारी इस्पितळात वारली. ग्रेसलँड दफनभूमीत तिच्या अस्थी बिननावाच्या जागी ठेवल्या गेल्या. नावाची पाटी लागली १९९७ मध्ये. नवऱ्याला दगड मिळायला ५१ वर्षं लागली, बायकोला पाटी मिळायला ३६.

आता हरवलेल्याची मोजदाद. इव्हन्स्टनमधलं ऑल सोल्स चर्च हे तिने स्वतःच्या नावावर केलेलं पहिलं मोठं काम, १९०३ च्या सुमाराचं. मॅरियनच्या अखेरच्या काळातच ते पाडलं गेलं. डाउनटाउनमधली स्टाइनवे हॉल ही इमारत, जिच्या वरच्या मजल्यावर या सगळ्या तरुण आर्किटेक्टांचा अड्डा जमे, १९७० मध्ये गेली. मेलबर्नमधलं दोघांचं कॅफे ऑस्ट्रेलिया गेलं. सिडनीच्या पिरमॉन्ट भागातली ग्रिफिनची कचराभट्टी १९९२ मध्ये गेली. तिच्या भिंतींवरची नक्षी बघून ही कचऱ्याची भट्टी आहे यावर कुणाचा विश्वास बसला नसता. लखनौची पायोनियरची इमारतही पाडली गेली.

यातली एकही इमारत भूकंपाने पडली नाही. प्रत्येक वेळी माणसांनी कागदावर सही केली.

आणि उरलंय त्याचं काय? शिकागोच्या दक्षिणेला बेव्हर्ली भागात एका गल्लीला वॉल्टर बर्ली ग्रिफिन प्लेस म्हणतात. त्याची सात छोटी घरं तिथे ओळीने आहेत आणि शहराने त्या गल्लीला संरक्षण दिलंय. पण सगळं एवढं सुरक्षित नाही. एल्महर्स्ट, विनेट्का, इव्हन्स्टन, हिन्सडेल या गावांत प्रेअरी शैलीची, म्हणजे राइट-ग्रिफिन मंडळींच्या त्या आडव्या धाटणीची, घरं विखुरलेली आहेत. ग्रिफिन दांपत्याची आहेत, त्यांच्या मित्रांची आहेत, आणि कितीतरी अशी की ज्यांच्या आर्किटेक्टचं नाव आज घरमालकालाही ठाऊक नाही. या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आहे. जुनं घर विकत घ्यायचं, पाडायचं, त्या जागी दुप्पट मोठं बांधायचं, हे इथे रोज चालतं.

इथे आपण जरा आपल्याकडेही बघू. ही घरं घेणाऱ्यांत आपणही आहोत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आई-बाबा सहा महिने येऊन राहतात, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून खालच्या मजल्यावर बेडरूम आणि बाथरूम हवी. फोडणीचा वास घरभर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघर वेगळं हवं. गणपतीला पन्नास माणसं येतात. या गरजा खऱ्या आहेत. पण त्या भागवायला दरवेळी बुलडोझर लागत नाही. बऱ्याच जुन्या घरांना मागच्या बाजूने वाढवता येतं आणि पुढचा चेहरा तसाच राहतो. आर्किटेक्टला पहिल्याच भेटीत सांगा, पाडायचं नाही, वाढवायचंय. चांगला असेल तर त्याचे डोळे चमकतील.

घर बघायला जाल तेव्हा चार गोष्टी बघा. छपराच्या वळचणी खूप बाहेर आलेल्या आहेत का? खिडक्या सुट्या न राहता एका पट्टीत ओळीने बसल्या आहेत का? घराच्या कोपऱ्यांना जाडजूड खांब आहेत का? मधोमध मोठी चूल, म्हणजे फायरप्लेस, आणि तिच्याभोवती खोल्या फिरताहेत का? १९०० ते १९१५ च्या दरम्यानचं घर असेल आणि यातल्या दोन-तीन खुणा जुळत असतील, तर ऑफर देण्याआधी गावच्या कचेरीत जाऊन बांधकामाचा जुना परवाना काढा. स्थानिक इतिहास मंडळात चौकशी करा. तिथली निवृत्त मंडळी अशा प्रश्नाची वाटच बघत असतात. एक विचाराल तर दहा गोष्टी सांगतील.

कायदाही समजून घेऊ, कारण इथे पुष्कळांची गफलत होते. एखादं घर राष्ट्रीय वारसा यादीत आहे म्हणजे ते पाडता येत नाही, असं आपण समजतो. तसं नाही. खाजगी मालक स्वतःच्या पैशाने ते खुशाल पाडू शकतो. यादी मान देते, ढाल देत नाही. ढाल मिळते ती गावाच्या किंवा शहराच्या स्थानिक वारसा कायद्यातून. शिकागो शहरात आणखी एक सोय आहे. शहराने जुन्या इमारतींची पाहणी करून नोंदीत त्यांना रंगांच्या श्रेणी दिल्या आहेत. लाल किंवा नारिंगी रंगाच्या इमारतीसाठी पाडण्याचा अर्ज आला तर ९० दिवसांपर्यंत परवाना थांबतो. त्या ९० दिवसांत नवा खरेदीदार शोधता येतो, वर्तमानपत्राला कळवता येतं, नगरसेवकाचा फोन वाजता ठेवता येतो. उपनगरांचे नियम वेगवेगळे आहेत. आपापल्या गावाचे माहीत करून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

पैशाचं म्हणाल तर तिथेही वाट आहे. इलिनॉयमध्ये वारसा दर्जा मिळालेल्या घरात मालक स्वतः राहत असेल, आणि घराच्या बाजारमूल्याच्या किमान २५ टक्के खर्च करून त्याने मान्य पद्धतीने दुरुस्ती केली, तर त्या घराचं करमूल्य आठ वर्षं गोठवलं जातं आणि पुढच्या चार वर्षांत टप्प्याटप्प्याने वर येतं. कुक काउंटीत प्रॉपर्टी टॅक्सचं बिल उघडताना ज्यांच्या छातीत धस्स होतं, त्यांना याचं मोल सांगायला नको. ‘लँडमार्क्स इलिनॉय’ ही संस्था या कामात मार्गदर्शन करते, आणि दरवर्षी राज्यातल्या धोक्यातल्या इमारतींची यादीही काढते. त्या यादीसाठी कुणीही नाव सुचवू शकतं. आपणही.

हे सगळं करून काही वाचतं का? वाचतं की! शिकागो विद्यापीठाच्या शेजारचं रॉबी हाउस १९५७ मध्ये पाडायचं ठरलं होतं. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा राइट स्वतः तिथे येऊन उभा राहिला, विद्यार्थी आणि प्राध्यापक उभे राहिले, आणि घर वाचलं. आज ते जागतिक वारसा आहे. मेलबर्नच्या कॅपिटॉल थिएटरवरही १९६० च्या दशकात पाडण्याची वेळ आली होती. खालचा भाग दुकानांसाठी गेला, पण लोकांनी आवाज उठवला म्हणून मॅरियनचं छत राहिलं. पुढे आरएमआयटी विद्यापीठाने थिएटर विकत घेतलं आणि दुरुस्त करून २०१९ मध्ये पुन्हा उघडलं. मेलबर्नच्या मराठी मंडळींनो, एकदा आत जाऊन मान वर करा. सिडनीकरांनी कॅसलक्रॅगला रविवारी पायी चक्कर मारावी. किनाऱ्याच्या वाटा सगळ्यांना खुल्या आहेत, त्या तशा राहाव्यात म्हणूनच तर आखल्या होत्या.

आणि शिकागोतच २०१५ मध्ये रॉजर्स पार्कमधल्या जार्विस अव्हेन्यूच्या समुद्रकिनाऱ्याला (तळ्याला समुद्र म्हणायची आपली सवय काही जात नाही) मॅरियन महोनी ग्रिफिन हे नाव मिळालं. ते आपोआप मिळालं नाही. तिथल्या रहिवाशांनी मागितलं, म्हणून मिळालं. कॅनबेरात माउंट एन्स्लीच्या माथ्यालाही २०१३ पासून तिचं नाव आहे. शहरं विसरतात, पण आठवण करून दिली तर ऐकतात.

मग आपल्या मंडळांनी, मराठी शाळांनी काय करावं? माझ्या मनात पुष्कळ आहे, त्यातलं थोडं सांगते. उन्हाळ्याची एक सहल त्या किनाऱ्यावर करू. मुलांना कागद-पेन्सिल देऊ आणि मॅरियनसारखी झाडातून डोकावणारी घरं काढायला लावू; घर आधी नाही, झाड आधी. आर्मस्ट्राँग शाळेतलं चित्र बघायचं असेल तर शाळेच्या ऑफिसला आधी लिहून परवानगी घेऊ. शाळा आहे ती, म्युझियम नाही. पण पालकांचा एक गट अदबीने पत्र लिहितो, चित्राबद्दल चार प्रश्न विचारतो, तेव्हा शाळेलाही कळतं की बाहेर कुणाला तरी याची पर्वा आहे. असं पत्र फाइलमध्ये राहतं आणि वेळेला उपयोगी पडतं.

हायस्कूलच्या मुलांना सेवेचे तास भरायचे असतातच. आपल्या गावातल्या १९१५ च्या आधीच्या घरांचे रस्त्यावरून फोटो काढणं, पत्ते नोंदणं, ग्रंथालयात बसून जुन्या परवान्यांतून आर्किटेक्टची नावं शोधणं हे तासांत मोजण्यासारखं काम आहे, आणि कॉलेजच्या अर्जात उठून दिसेल ते वेगळंच. (आपल्याकडच्या आईबापांना हा मुद्दा सगळ्यात आधी पटेल, म्हणून मुद्दाम लिहिलाय.)

भारतातल्या वाचकांचा वाटाही मोठा आहे. मॅरियनच्या बाडातला भारताचा भाग मोफत उपलब्ध आहे. एखाद्या वाचनमंडळाने दर महिन्याला वीस-पंचवीस पानं घेऊन तो वाचावा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी त्यातल्या लखनौच्या आराखड्यांवर टिपणं करावीत. मराठी विकिपीडियावर तिच्यावरचा लेख भरघोस करावा, तारखा तपासून, अतिशयोक्ती न करता. लखनौला कामानिमित्त जाणारे पुष्कळ असतात. इमामबाडा आणि टुंडे कबाबी झाल्यावर निशातगंजला वाकडी वाट करा. वॉल्टरच्या थडग्याचा एक फोटो काढा, दगड धड आहे का, गवत किती वाढलंय बघा, आणि तिथल्या देखभाल करणाऱ्या मंडळींशी दोन शब्द बोला. भेट देणारे येत राहिले की जागा जपली जाते.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. अमेरिकन बाई, अमेरिकन घरं; त्यांचं ते बघतील. पण आपली मुलं इथेच जन्मली, याच रस्त्यांवर सायकल शिकली. मॅरियनचं गाव हे त्यांचंही गाव आहे. आणि जी बाई पासष्टाव्या वर्षी सामान बांधून लखनौला आली, तिथल्या माणसांत बसून, तिथली हवा आणि ऊन समजून घेत कामाला लागली, तिने आपल्यालाही परकं मानलं नव्हतं. आपण इथे येऊन वीस-तीस वर्षं झाली तरी गावच्या सभेला जात नाही, ‘त्यांच्या गोष्टी’ म्हणून सोडून देतो. ही सवय मोडायला याहून चांगलं निमित्त कोणतं?

सभेला जायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगते, कारण अडखळायला होतं ते तिथेच. एखादं घर पाडायचा किंवा त्याला वारसा दर्जा द्यायचा अर्ज आला की, जिथे वारसा समिती आहे तिथे, सहसा तिची जाहीर सुनावणी लागते. बऱ्याच गावांत घरापुढे पाटी लागते, गावाच्या संकेतस्थळावर विषयपत्रिका येते. जाण्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. दारापाशी कागदावर नाव लिहायचं. बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. कागदावरून वाचलं तरी चालतं. घर किती जुनं, कुणी आखलं, आपण तिथून रोज मुलांना शाळेत नेतो, आणि ते राहावं असं आपल्याला का वाटतं, एवढं पुरे. उच्चारांची फिकीर करू नका. समितीतल्या निम्म्या लोकांचे आजोबा-पणजोबाही असेच अडखळत बोलत या गावात आले होते. एकटं जायला धीर होत नसेल तर शेजारच्या मराठी कुटुंबाला बरोबर घ्या, मुलांना घ्या. मागच्या बाकावर पाच-सहा जण नुसते बसलेले दिसले तरी समितीचा सूर बदलतो. आणि बोलून झाल्यावर समितीच्या सचिवाकडे आपला ईमेल देऊन या, म्हणजे पुढच्या सुनावणीची सूचना थेट तुम्हालाच येईल.